उन्हाळ्यात टाकलेल्या स्लॅबला भेगा: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ, चोपडा, रावेर या पट्ट्यात स्लॅब पडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन ठरलेला असतो. "भाऊ, स्लॅब तडकला. मिस्तरी म्हणतो काही होत नाही, वरून सिमेंटचं पाणी सोडून देऊ." बऱ्याचदा "काही होत नाही" हे मिस्तरीचं बरोबर असतं. क्वचित ते इतकं चूक असतं की त्याच दिवशी खाली टेकू लावावे लागतात. या दोन्हींतला फरक घरमालकाला स्वतःला ओळखता येतो आणि सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

खाली दिलेलं सगळं तापीच्या खोऱ्यातल्या एक-दोन मजली आरसीसी घरांसाठी आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये ४२-४५ अंशांचं ऊन आणि कोरडा वारा. कोकणातल्या दमट हवेत टाकलेल्या स्लॅबला हेच जसंच्या तसं लावू नका.

लक्षणं

तुमच्या स्लॅबवर यातलं नेमकं काय दिसतंय ते आधी ठरवा. एकाच घरात दोन-तीन प्रकार एकत्र असू शकतात.

– स्लॅब टाकला त्याच दिवशी उमटलेल्या तिरप्या भेगा. एकमेकींना साधारण समांतर, हात-दोन हात लांब, स्लॅबच्या कडेपर्यंत न पोचलेल्या.
– खालच्या सळईच्या रेषेवर बरोबर उमटलेल्या सरळ भेगा, सळईइतक्याच अंतराने.
– आठवड्याभराने सगळ्या पृष्ठभागावर पसरलेल्या बारीक, वेड्यावाकड्या केशभेगा. हात फिरवला तर पांढरी भुकटी लागते.
– पहिल्या पावसात खालून ओल, नंतर त्याच रेषेवर पांढरे ओघळ.
– वरच्या मजल्यावर स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात तिथे आतल्या गिलाव्यात आडवी भेग.
– बाल्कनी किंवा छज्जाच्या मुळाशी, भिंतीला लागून, वरच्या बाजूने लांबलचक भेग.

शेवटचं लक्षण दिसत असेल तर पुढचं काही तपासत बसू नका. बाल्कनीवर कोणी जाणार नाही याची सोय करा, तिच्यावरच्या विटा-वाळू शक्य तितकी आतल्या बाजूने उभं राहून काढून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. कारण सांगतो. बाल्कनी भिंतीतून बाहेर लटकलेली असते, म्हणून तिचा ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळई वर असावी लागते. स्लॅब भरताना घमेली घेऊन माणसं त्याच सळईवरून ये-जा करतात, खाली पुरेशा खुर्च्या (सळई उचलून धरणारे आधार) लावलेल्या नसतात आणि वरची जाळी दबून खाली बसते. फैजपूरकडच्या एका घरात बाल्कनीच्या मुळाशी खोदून पाहिलं तर चार इंच जाडीच्या स्लॅबमधली 'वरची' सळई तळापासून जेमतेम इंचभरावर सापडली. वरून ती बाल्कनी नवीकोरी दिसत होती, भेग मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग होती. अशा ठिकाणी भेग बुजवणं म्हणजे इशारा पुसून टाकणं.

भेगा पडतात कधी?

लोकांचा समज असा की दुसऱ्या दिवसापासून पाणी कमी मारलं म्हणून स्लॅब फाटला. आपल्याकडच्या उन्हाळी भेगांपैकी बहुतेक त्याच्या आधीच, पहिल्या चार-सहा तासांत पडलेल्या असतात. ताज्या काँक्रिटमधलं थोडं पाणी वर येतं आणि पृष्ठभाग ओला ठेवतं. वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाणारं पाणी जास्त झालं की वरचा थर आकसतो. त्याच्यात अजून ताकद आलेली नसते, म्हणून तो फाटतो. दर चौरस मीटरमागे तासाला १ किलो पाणी उडू लागलं की धोका, असं साधारण मानतात. हवा ४२ अंश, आर्द्रता १५ टक्के, वारा ताशी २० किलोमीटर आणि काँक्रिट ३८ अंश धरून हिशेब केला तर हा आकडा २ किलोच्या वर जातो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवरून तासाला दोनशे लिटरचं एक पिंप भरून पाणी उडतं! हेच काम रात्री ३० अंशांत, मंद वाऱ्यात केलं तर तो पाऊण किलोच्या आसपास राहतो. मिश्रण तेच, माणसं तीच, फक्त वेळ बदलली.

इथे उन्हाइतकाच वारा जबाबदार आहे. केळीच्या बागेला आपण वाऱ्याच्या बाजूने शेवरीची दाट ओळ लावतो, ती ज्या कारणासाठी लावतो त्याच कारणासाठी ताज्या स्लॅबलाही आडोसा लागतो. बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही, पण स्लॅबच्या दिवशी मात्र कोणाला सुचत नाही.

तपासणी १: भेग पहिल्यांदा कधी दिसली?

खर्च शून्य. मिस्तरी, व्हायब्रेटरवाला, पाणी मारायला ठेवलेला माणूस यांना वेगवेगळं विचारा. स्लॅब भरताना काढलेले फोटो मोबाइलमध्ये असतात, त्यांच्यावर वेळही असते. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी दिसली असेल तर बहुधा ती वर सांगितलेली, वरचा थर सुकल्याची भेग आहे. सेंट्रिंग (स्लॅबखालचा प्लेटा-टेकूंचा साचा) काढल्यावर दिसली असेल तर गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर, कारण भार आल्यावर स्लॅबने काहीतरी सांगितलंय. महिन्या-दोन महिन्यांनी दिसली असेल तर उन्हाने होणारं प्रसरण किंवा पाया हलणं यांचा विचार करावा लागतो. ही एक गोष्ट नीट कळली की अर्धं निदान झालं.

तपासणी २: दिशा

सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना स्लॅबवर चढा. दुपारच्या उन्हात डोळे दिपतात आणि बारीक भेग दिसत नाही. बादलीभर पाणी शिंपडा आणि पृष्ठभाग सुकू द्या. बाकी स्लॅब पांढरा पडतो, भेगेत शिरलेलं पाणी मागे राहतं आणि प्रत्येक भेग काळ्या रेघेसारखी उठून दिसते. ही पाच-सात मिनिटं महत्त्वाची, तेवढ्यात फोटो काढा.

भेगा तिरप्या, तुटक, खोलीच्या मध्ये असतील तर त्या वरचा थर सुकल्याच्या. सळईच्या रेषेवर असतील तर काँक्रिट खाली बसताना सळईवर अडकलं. यामागे व्हायब्रेटर नीट न फिरणं, सळईवर कव्हर (काँक्रिटचा थर) कमी असणं किंवा मालात पाणी जास्त असणं, यांपैकी एक किंवा तिन्ही असतात. दिसायला ही भेग सौम्य वाटते, पण मी तिला तिरप्या भेगेपेक्षा जास्त मानतो, कारण तिच्यातून पाणी थेट सळईवर उतरतं. भेग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग गेली असेल, कॉलमच्या कोपऱ्यातून निघाली असेल किंवा बीमच्या टोकाशी तिरपी असेल, तर पुढची तपासणी फक्त इंजिनिअरला सांगण्यापुरती करा.

तपासणी ३: रुंदी

झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. तीन कागद एकत्र धरून भेगेत जातात का पाहा. आयएस ४५६ या काँक्रिटच्या भारतीय संहितेत साधारण ठिकाणी पृष्ठभागावरच्या भेगेची मर्यादा ०.३ मिलिमीटर दिली आहे, सतत ओल राहणाऱ्या ठिकाणी ०.२. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर, म्हणजे कार्ड आत गेलं तर भेग मर्यादेच्या दुपटीहून रुंद आहे. ताज्या काँक्रिटमध्ये पडलेली भेग वर रुंद आणि आत लगेच निमुळती होत गेलेली असू शकते, म्हणून फक्त रुंदीवरून घाबरू नका. पण कार्ड जातंय आणि खालूनही त्याच रेषेवर भेग दिसतेय, तर ती आरपार आहे.

तपासणी ४: खिळा आणि हातोडी

खिळ्याने ओरखडा काढा. घट्ट पृष्ठभागावर पुसट रेघ उठते. खिळा रुतून भुकटी निघत असेल तर वरचा थर सुकून मेलेला आहे. याचं नेहमीचं कारण म्हणजे वर आलेल्या पाण्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून रंधा मारणं. मिस्तरी हे चांगल्या हेतूने करतात, स्लॅब गुळगुळीत दिसतो, पण तो थर खालच्या काँक्रिटशी एकजीव होत नाही आणि त्याच्यावर केशभेगा ठरलेल्या. मग हलक्या हातोडीने ठोकत चला. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला त्या जागेभोवती खडूने वर्तुळ करा. फक्त वरची पापडी सुटली असेल तर ती काढून, घासून, वर कोबा किंवा वॉटरप्रूफिंग करताना प्रश्न मिटतो. पोकळ आवाज खोलवरचा असेल किंवा खालून खडी उघडी दिसत असेल, तर हात लावू नका.

तपासणी ५: पाणी साठवून पाहणं

सेंट्रिंग निघाल्यावर, आणि कोबा करायच्या आधीच. कडेने मालाच्या पाळी घालून इंचभर पाणी भरा, २४ तास ठेवा, ४८ ठेवलं तर उत्तम. खालून दर काही तासांनी पाहा आणि ओलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारून वेळ लिहा. ओल एका रेषेत आली तर भेग आरपार आहे. ओल ठिपक्या-ठिपक्यांनी, पसरट आली तर भेगेपेक्षा काँक्रिट सच्छिद्र असल्याचा संशय घ्या. पाइपाच्या भोवती आली तर दोष त्या सांध्याचा. कोबा झाल्यावर ही चाचणी घेतली तर पाणी कोब्यात इकडे शिरतं आणि तिकडे गळतं, काही निष्पन्न होत नाही. उन्हाळ्यात टँकरचं पाणी महाग पडतं हे मान्य, पण हेच पाणी क्युरिंगलाही (स्लॅब ओला ठेवायलाही) उपयोगी पडतं. बाल्कनीवर ही चाचणी घेऊ नका.

तपासणी ६: भेग वाढतेय का?

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा. मधे एका जागी प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ ठिपका लावा किंवा काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा. महिनाभर जाऊ द्या. ठिपका फुटला नाही आणि टोकं पुढे सरकली नाहीत तर भेग थांबलेली आहे.

स्लॅब-भिंतीच्या सांध्यातली आडवी भेग मात्र सकाळ-दुपार हलते. दहा मीटर लांब स्लॅब ३० अंशांनी तापला तर साधारण ३ मिलिमीटर वाढतो, आणि खालची सावलीतली वीटभिंत तितकी वाढत नाही. ही भेग सिमेंटने बुजवली की पुढच्या मेमध्ये पुन्हा उघडते. लोक दरवर्षी तिच्यावर पुट्टी मारतात. उपाय वरून करायचा: ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा आणि त्यावर पांढऱ्या चायना मोझेकचे तुकडे, किंवा निदान चांगला पांढरा परावर्तक लेप. आतून सांधा लवचिक सीलंटने भरायचा.

तपासणी ७: साइटचा इतिहास

आता थोडं ठेकेदाराला अवघड वाटणारं विचारावं लागतं. मालात पाणी किती घातलं? एम२० प्रतीच्या काँक्रिटच्या १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला सिमेंटच्या एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, वाळूतली ओलही त्यातच धरायची. उन्हात माल लगेच घट्ट होतो आणि वरचे लोक ओरडतात, "पाणी सोड!" तिथेच स्लॅबची ताकद जाते. रेडीमिक्स असेल तर चलनावर गाडी भरल्याची वेळ असते. भरल्यापासून दोन तासांत माल उतरायला हवा. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) भुकटी जास्त होती का? अशा मालात पाणी वर कमी येतं आणि भेगा वाढतात. पाणी बोअरचं, खारं असेल तर तपासून घ्या. आरसीसीसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात हे विसरून चालणारच नाही. आणि टेकू कोणत्या दिवशी काढले?

घरमालकाने स्वतः काय बुजवावं

०.३ मिलिमीटरच्या आतली, न वाढणारी, खालून न दिसणारी भेग: तारेच्या ब्रशने घासा, धूळ पूर्ण काढा, ओलं करा, पाणी पुसून घ्या आणि पॉलिमर मिसळलेली सिमेंट स्लरी ब्रशने दोन हात द्या. नुसतं सिमेंटचं पाणी सोडून काही होत नाही, ते सुकताना आकसतं आणि दोन आठवड्यांत भेग परत दिसते. थोडी रुंद पण वरवरची असेल तर छिन्नीने व्ही आकाराची खाच पाडून पॉलिमर मॉर्टर भरा. खाच पाडताना सळई दिसली तर तिथेच थांबा. आरपार भेगेत इपॉक्सी भरणं हे दाबाने, नळ्या लावून करायचं काम आहे, ते करणाऱ्यांकडूनच घ्या.

थांबा आणि इंजिनिअरला बोलवा

बाल्कनीचं वर सांगितलं. त्याशिवाय: भेगेच्या दोन कडा वर-खाली झाल्या असतील, स्लॅब मधून झुकलेला दिसत असेल (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली की कळतं), भेगेतून तांबूस डाग उतरत असतील, बीमवर किंवा कॉलमवर भेग असेल, पेन्सिलच्या खुणेपुढे भेग गेली असेल. काळ्या मातीवरच्या घरात स्लॅबबरोबरच भिंतींना जिन्यासारख्या भेगा पडत असतील आणि दारं अडकत असतील, तर दुखणं घराच्या पायात आहे, स्लॅब दुरुस्त करून पैसे वाया जातील.

बोलवायचं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला, आणि शक्यतो ज्याने घर बांधलं त्याच्या ओळखीतल्याला नाही. तो रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक चाचणी, गरज पडल्यास कोर (तपासायला काँक्रिटची गोल कांडी) काढणं ठरवेल. कोर कुठे काढायचा हे त्यालाच ठरवू द्या, कारण चुकीच्या जागी सळई कापली जाते. तारखा लिहिलेल्या खुणांचे फोटो, सिमेंटची बिलं, रेडीमिक्सची चलनं आणि सळईचा नकाशा हाताशी ठेवा. तो येईपर्यंत झुकलेल्या स्लॅबखाली टेकू राहू द्या. नवे टेकू लावायचे तर स्लॅबला नुसते टेकवा, जॅकने वर रेटू नका.

पुढचा स्लॅब टाकताना

मे महिना टाळता आला तर टाळा. नाही टाळता आला तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर सुरू करून रात्री भरा, उजेडाची आणि जनरेटरची सोय आधी करा. खडीच्या ढिगावर आदल्या रात्री पाणी मारा. काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं उन्हात तापलेलं पाणी मालात घालू नका, टाकी सावलीत ठेवा किंवा ओल्या गोणपाटाने झाका. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा हात ठेवता येईपर्यंत पाण्याने निववा, पण पाणी साचू देऊ नका. पश्चिमेच्या बाजूने पॅरापेटच्या उंचीइतकं शेडनेट बांधा.

रंधा मारून जेवढा भाग पुरा होईल तेवढ्यावर लगेच प्लास्टिकचा कागद अंथरा. सगळा स्लॅब संपायची वाट पाहू नका. पहिल्या तास-दोन तासांत, अंगठा अजून रुतत असताना भेग दिसली तर तिथे थापीने ठोकून पुन्हा रंधा मारा. त्या वेळी ती खरोखर मिटते, एरवी फक्त झाकली जाते. पृष्ठभाग घट्ट झाला की ओलं गोणपाट, आणि दुसऱ्या दिवशी पाळी घालून वाफे. पाणी कमी असेल तर वाफ्यांऐवजी दोन थर गोणपाट आणि वर प्लास्टिक. दुपारी बारा ते चारमध्ये ते एकदाही सुकायला नको, कारण सुकवून पुन्हा भिजवणं हे सर्वात वाईट.

आयएस ४५६ नुसार कोरड्या-उष्ण हवेत क्युरिंग किमान १० दिवस, पीपीसी (पोझोलाना, बहुधा राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवसांची शिफारस आहे. आपल्याकडे गोणी बहुधा पीपीसीचीच असते, तेव्हा १४ धरा. टेकूंसाठी त्याच संहितेत दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबला ७ दिवस आणि त्यावर १४, बीमला सहा मीटरपर्यंत १४ आणि त्यावर २१ दिवस दिले आहेत. ते ओपीसीसाठी (साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी) आणि नीट क्युरिंग झालं असं धरून. पीपीसीला त्याहून जास्त ठेवा. सेंट्रिंगवाला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायला आठव्या दिवशी येईल, त्याच्याशी हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या.